घरचा सीएनसी प्लाझ्मा कटर नीट कापत नाही? दोष शोधायला सुरुवात कुठून करायची

घरच्या शेडमध्ये जोडलेलं सीएनसी टेबल पहिल्या दिवशी पत्र्यातून छान नक्षी कापतं आणि काही दिवसांत रुसतं. ठिणगी पडते पण पत्रा कापला जात नाही. टॉर्च मध्येच पत्र्यावर आपटतो. कधी आर्क पेटताच कॉम्प्युटर गोठतो. अशा वेळी अनेकांचा हात आधी कटरच्या डब्याच्या स्क्रूकडे जातो. खरं तर तो तिथे सगळ्यात शेवटी जायला हवा. दोष बऱ्याचदा डब्याबाहेरच असतो, आणि डब्याच्या आतली वीज जिवावर बेतू शकते.

आधी हे यंत्र कापतं कसं ते पाहू. अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट गेज यांना या तंत्राचं पेटंट १९५७ साली मिळालं. टॉर्चमध्ये तांब्याचा इलेक्ट्रोड आणि त्याच्यासमोर बारीक भोकाचं नोझल असतं. या दोघांमध्ये आधी छोटी पायलट आर्क पेटते. मग ती पत्र्यावर उतरते आणि वीज अर्थिंग क्लॅम्पमधून मशीनकडे परत येते. वाटेतली दाबाची हवा तापून प्लाझ्मा होते, धातू वितळवते आणि वितळलेला धातू खाली उडवून लावते. म्हणजे हवा, इलेक्ट्रोड-नोझल आणि क्लॅम्प यांपैकी एक जरी बिघडलं तरी काम अडतं.

दोष टेबलचा की कटरचा?

यासाठी एक सोपी युक्ती आहे. कटर बंद ठेवायचा, टॉर्चच्या जागी पेन बांधायचं आणि कागदावर तोच प्रोग्राम चालवायचा. पेनाने काढलेलं वर्तुळही वेडंवाकडं आलं, तर दोष बेल्ट, कपलिंग किंवा मोटरमध्ये आहे. कटरला हात लावायचं कारण नाही. पेनाचं वर्तुळ नीट आलं आणि आर्क पेटल्यावरच टेबल भरकटलं, तर संशय विजेच्या गोंगाटावर घ्यायचा. त्याबद्दल पुढे येईलच.

पायलट आर्क पेटते पण पत्रा कापला जात नाही, ही नेहमीची तक्रार. इथे पहिला आरोपी क्लॅम्प. तो टेबलच्या पट्ट्यांना लावलेला असतो, पट्ट्यांवर वितळलेल्या लोखंडाचे थर साचलेले असतात आणि पत्र्यावर गंज किंवा रंग असतो. मग वीज परत जाणार कशी? थोडी जागा घासून क्लॅम्प थेट पत्र्याला लावला की पुष्कळदा प्रश्न मिटतो.

त्यानंतर हवा. प्रेशर गेज हवा वाहत असताना वाचायचा. टॉर्च बंद असताना काटा नेहमीच छान दिसतो. पाण्याचा अंश तपासायचा तर आर्क न पेटवता, फक्त हवा सोडून टॉर्चसमोर पांढरा कागद धरावा. कागदावर ओलसर ठिपके उमटले तर कॉम्प्रेसरची टाकी रिकामी करून मॉइश्चर सेपरेटर तपासायला हवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे दुखणं वाढतं, कारण दाबल्या जाणाऱ्या हवेतच बाष्प जास्त असतं. ओली हवा इलेक्ट्रोड भराभर खाते.

इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियम धातूचा छोटा ठिपका असतो. तिथला खड्डा साधारण दीड मिलिमीटरहून खोल झाला, किंवा नोझलचं गोल भोक लांबट झालं, तर दोन्ही एकत्र बदलावेत. काप एका बाजूला तिरका येत असेल तर मशीन बंद करून नोझल थोडं फिरवून बसवायचं. तिरकेपणाची दिशा त्याबरोबर फिरली तर नोझल गेलं; तशीच राहिली तर टॉर्चच काटकोनात नाही. मात्र थोडा तिरकेपणा हा दोष नसतोच. टॉर्चमधली हवा भोवऱ्यासारखी फिरते, त्यामुळे कापाची एक बाजू नेहमी जास्त सरळ येते. नेहमीच्या टॉर्चमध्ये ती पुढे जाण्याच्या दिशेची उजवी बाजू असते. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतली भोकं उलट दिशेने कापतात.

आर्क पेटली की कॉम्प्युटर का गोठतो?

अनेक स्वस्त कटर उच्च वारंवारतेच्या, काही हजार व्होल्टच्या ठिणगीने आर्क पेटवतात. टॉर्चची केबल त्या क्षणी अँटेनासारखी वागते आणि शेजारच्या वायरींमध्ये खोटे सिग्नल घुसतात. यूएसबी तुटते, लिमिट स्विच कोणी न दाबताच दाबला गेल्याचं कंट्रोलरला वाटतं. टॉर्चची केबल सिग्नलच्या वायरींपासून दूर नेणं, शील्ड असलेल्या वायरी वापरून शील्ड एकाच टोकाला अर्थ करणं आणि टेबलला चांगलं अर्थिंग देणं यांनी बराच फरक पडतो. नवा कटर घ्यायचाच असेल तर हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकवून आर्क पेटवणारा, म्हणजे ब्लोबॅक स्टार्टचा, सीएनसीसाठी जास्त निर्धोक.

टॉर्च कोपऱ्यात खाली बसत असेल तर टीएचसीकडे, म्हणजे टॉर्चची उंची सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे, बघावं. आर्कचा व्होल्टेज वाढला की टॉर्च वर गेला असं ती समजते. कोपऱ्यात टेबलचा वेग कमी होतो, काप रुंदावतो, व्होल्टेज चढतो आणि ती टॉर्च खाली ढकलते. वेग कमी झाला की टीएचसी तात्पुरती थांबेल अशी सेटिंग बहुतेक कंट्रोलरमध्ये असते. झिजलेल्या इलेक्ट्रोडमुळेही व्होल्टेज चढतो, म्हणून सेटिंग बदलण्याआधी तो पाहिलेला बरा.

हे सगळं तपासूनही आर्क पेटत नसेल, तरच डब्याच्या आतला दोष धरायचा. प्लग काढल्यानंतरही आतले कपॅसिटर काही वेळ चार्ज धरून राहतात आणि जोराचा झटका देऊ शकतात. तिथून पुढचं काम इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याचं. त्याच्याकडे मशीन नेताना टॉर्च, क्लॅम्प आणि जुना इलेक्ट्रोडही सोबत न्यावा.