रिवास-वासियामाद्रिद

रिवास-वासियामाद्रिद हे स्पेनच्या माद्रिद स्वायत्त प्रदेशातील एक शहर व नगरपालिका आहे. ते राजधानी माद्रिदच्या आग्नेयेस सुमारे १५ किलोमीटर अंतरावर, व्हॅलेन्सियाकडे जाणाऱ्या महामार्गालगत वसले आहे. इ.स. १९८० च्या सुमारास येथे हजाराहूनही कमी लोक राहत होते. आज लोकसंख्या एक लाखाच्या आसपास आहे. कामासाठी रोज माद्रिदला ये-जा करणाऱ्यांचे शहर म्हणून ते ओळखले जाते.

भूगोल

नगरपालिकेचे क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस किलोमीटर आहे. मान्सानारेस नदी याच हद्दीत हारामा नदीला मिळते. नदीकाठी जिप्समचे उभे कडे असून, खडी-वाळूच्या जुन्या खाणींच्या जागी तळी निर्माण झाली आहेत. एल काम्पियो हे त्यांपैकी प्रसिद्ध तळे पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान आहे. इ.स. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आग्नेय प्रादेशिक उद्यानात नगरपालिकेचा सुमारे तीन-चतुर्थांश भूभाग येतो. त्यामुळे लोकसंख्या कितीही वाढली, तरी बांधकामास उरलेली जमीन मर्यादितच आहे.

इतिहास

रिवास आणि वासियामाद्रिद ही मुळात दोन स्वतंत्र खेडी होती. एकोणिसाव्या शतकात त्यांची एकच नगरपालिका झाली. शेती व पशुपालन हे रहिवाशांचे प्रमुख व्यवसाय होते.

स्पॅनिश यादवी युद्धात हा प्रदेश युद्धभूमी बनला. माद्रिद व व्हॅलेन्सिया यांना जोडणारा रस्ता तोडण्यासाठी फ्रँकोच्या सैन्याने फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामा नदीकाठी चढाई केली. त्या वेळी प्रजासत्ताकाचे सरकार व्हॅलेन्सियात असल्याने या रस्त्याला विशेष महत्त्व होते. प्रजासत्ताकाच्या बाजूने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडही या लढाईत उतरल्या. रस्ता शत्रूच्या हाती पडला नाही, परंतु गाव उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर सरकारने ते नव्याने बांधले व इ.स. १९५९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यामुळे गावाचा ‘जुना’ म्हणून ओळखला जाणारा भागही विसाव्या शतकातीलच आहे.

शहराची वाढ

इ.स. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सहकारी गृहनिर्माण संस्थांनी येथे वसाहती उभारण्यास प्रारंभ केला. अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन जमीन घ्यायची, हप्त्यांनी पैसे भरायचे आणि घरे बांधून घ्यायची, अशी ही पद्धत होती. कोविबार आणि पाब्लो इग्लेसियास या त्यांपैकी प्रमुख संस्था होत. या वसाहती मूळ गावापासून काही किलोमीटर दूर, माद्रिदच्या बाजूस झाल्या. परिणामी दीर्घकाळ एकाच नगरपालिकेत दोन विलग वस्त्या होत्या. मधली मोकळी जागा पुढे क्रमाक्रमाने भरत गेली.

माद्रिद मेट्रोचा मार्ग क्रमांक ९ इ.स. १९९९ मध्ये येथे पोहोचला. मधल्या नव्या वस्तीसाठी ‘रिवास फुतुरा’ हे स्थानक इ.स. २००८ मध्ये सुरू झाले. राजधानीकडे जाताना प्रवाशांना ‘पुएर्ता दे आर्गान्दा’ स्थानकावर गाडी बदलावी लागते.

समाज व प्रश्न

रहिवाशांपैकी बहुसंख्य लोक बाहेरून आलेले आहेत. तरुण कुटुंबांचा ओघ मोठा असल्याने शाळा, आरोग्यसेवा व वाहतूक या सोयी वाढत्या वस्तीला पुरवणे, हा येथील स्थानिक राजकारणाचा कायमचा विषय राहिला आहे. इ.स. १९९१ पासून महापौरपद इझ्किएर्दा उनिदा या डाव्या आघाडीकडे आहे.

‘कान्यादा रेआल गालियाना’ या प्राचीन पशुमार्गावर वसलेल्या अनधिकृत वसाहतीचा काही भाग याच हद्दीत येतो. मेंढपाळांच्या कळपांसाठी राखलेल्या या मार्गावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरे उभी राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये वसाहतीच्या काही भागांतील वीज खंडित झाली व तेथील कुटुंबांना हिवाळा विजेविना काढावा लागला. घराच्या शोधात राजधानीबाहेर पडलेल्या नियोजित वसाहतींतील रहिवाशांना जे मिळाले, ते त्यांच्या या शेजाऱ्यांना मिळालेले नाही. या वसाहतीचे पुनर्वसन हा शहरापुढील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे.