टोमॅटोची राखण

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या माघात माझ्या परसातल्या टोमॅटोवर वानरांची धाड आली. चौदा झाडे होती. काळतोंड्यांची टोळी सकाळी सातला गडग्यावर येऊन बसली आणि मी चहाचा कप खाली ठेवून बाहेर येईपर्यंत काम आटोपून आंब्यावर गेलीसुद्धा. सगळे खाल्ले असते तर एवढे वाटले नसते. एक चावा घ्यायचा, पसंत पडला नाही की टाकायचा आणि दुसरा तोडायचा, ही त्यांची तऱ्हा. झाडांखाली हिरव्या-तांबड्या उष्ट्या टोमॅटोंचा सडा पडला होता. शेजारचे तात्या गडग्यापलीकडून म्हणाले, “गुरुजी, राखण नाय तर पीक नाय.”

तात्यांचे बोलणे ऐकताना मला दोन माणसे आठवली. एक माझी अक्का. दुसरे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन. जोडी विचित्र आहे खरी. पण मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. जेफरसन यांनी लिहिलेला १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा दरवर्षी फळ्यावर मांडला. ते टोमॅटो लावत असत, हे मात्र निवृत्त झाल्यावर कळले. त्यांच्या बागेच्या नोंदी १९४४ साली पुस्तकरूपाने निघाल्या. जाड पुस्तक, पण वाचायला गंमत येते. कोणत्या दिवशी काय पेरले, कधी उगवले, कधी ताटात आले, सगळे टिपलेले.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. इटलीच्या मॅत्तिओली या वैद्याने १५४४मध्ये त्याची नोंद केली. धोतऱ्याच्या कुळातले झाड म्हणून युरोपात पुष्कळांना त्याची धास्ती वाटे. अमेरिकेत तर एक कथा सांगतात, की १८२० साली एका गृहस्थाने कचेरीच्या पायऱ्यांवर उभे राहून सर्वांसमक्ष टोमॅटो खाल्ला आणि तो मेला नाही, तेव्हा लोकांची भीती गेली. कथा छान आहे, पण तिला पुरावा नाही. जेफरसन यांच्या १७८५मध्ये पॅरिसला छापलेल्या व्हर्जिनियावरच्या पुस्तकात तिथल्या बागांत टोमॅटो होतो, असे साधेपणाने लिहिले आहे. १८०९मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडून ते घरी परतले, तेव्हापासून १८२४पर्यंत त्यांच्या वहीत टोमॅटोची लावणी येत राहते.

पण मला त्या वहीपेक्षा कुंपणात अधिक रस आहे.

व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलो या डोंगरावर जेफरसन यांचे घर. डोंगराच्या दक्षिण उतारावर त्यांनी हजार फूट लांबीची सपाट पट्टी काढून घेतली. खालच्या अंगाला दगडी बांध घातला. आपल्याकडे कातळ फोडून कलमांसाठी जागा करतात, तसेच काहीसे. फक्त माती तांबडी आणि माप राजेशाही. १८०६ नंतर तीनेक वर्षे हे काम चालले. मग प्रश्न आला जनावरांचा. हरणे, ससे, शिवाय दोन पायांची जनावरे. जेफरसन यांनी मुकादमाला हुकूम दिला, की फळ्यांचे कुंपण दहा फूट उंच हवे आणि फळ्या इतक्या जवळ हव्यात, की सशाचे पिल्लूही आत शिरता कामा नये. भाजीची बाग आणि फळबाग मिळून हे कुंपण पाऊण मैलाच्या आसपास भरले. दरवाजांना कुलपे होती.

यातली मौज अशी, की हरणांचा या माणसाला मुळीच तिटकारा नव्हता. १७८२ साली शॅतल्यू नावाचा फ्रेंच सरदार त्यांच्याकडे पाहुणा आला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की जेफरसन यांनी घराजवळ वीसेक हरणे पाळली होती आणि ते त्यांना स्वतःच्या हाताने मका भरवीत. हाताने भरवायची ती आपली हरणे, आणि दहा फुटी फळ्यांबाहेर ठेवायची ती रानातली. आपणही मारुतीच्या देवळापुढे माकडांना चणे टाकतो आणि घरी येऊन फटाके लावतो, तेव्हा हसण्यात अर्थ नाही.

हे कुंपण उभारले कोणी? बांध कोणी घातला? जेफरसन यांच्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. गुलाम. डोंगर खणणारे, दगड वाहणारे, फळ्या ठोकणारे हेच. बागेचा प्रमुख माळी वर्मली ह्यूज हाही गुलामच. ४ जुलै १८२६ रोजी जेफरसन वारले, तेव्हा त्यांची कबर खणली ती वर्मलीनेच. पुढच्या जानेवारीत कर्ज फेडण्यासाठी मॉन्टिसेलोवर लिलाव झाला. एकशेतीस माणसे विक्रीला होती. त्यांत वर्मलीची बायको अर्सुला आणि त्यांची मुले होती. वर्मलीला स्वतःला मोकळे केले होते.

आणखी एक वही आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. जेफरसन यांची नात अ‍ॅन १८०५ ते १८०८ या काळात घरखर्चाचा हिशेब लिहीत असे. त्यात गुलामांकडून विकत घेतलेल्या कोंबड्या, अंडी, काकड्या, कोबी यांच्या नोंदी आहेत. म्हणजे दिवसभर मालकाचे काम करून रात्री आणि रविवारी ही माणसे आपल्या झोपड्यांशेजारी भाजी करीत आणि ती मालकाच्याच स्वयंपाकघराला विकून चार पैसे मिळवीत. हिशेबात काकडी आहे, कोबी आहे, दिलेली किंमत आहे. राखणीचा हिशेब कोणी मांडत नाही.

इथे मला अक्का आठवते.

टोमॅटो आपल्याकडे उशिरा रुजला. जॉर्ज वॉट यांनी हिंदुस्थानातल्या पिकांचा मोठा कोश १८८९ ते १८९३ या काळात काढला, त्यात टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी पिकवला जातो, असे म्हटले आहे. आमच्या आजीला हा शब्द कधी जमला नाही. ती वेलवांगी म्हणे. आईने मात्र १९६० नंतर विहिरीच्या कडेला टोमॅटोचे वाफे केले, ते बाजारासाठी. बाबा मुंबईला गिरणीत होते आणि मनीऑर्डर वेळेवर येईलच असे नसे. भोवती गडगा होता, गडग्यावर काट्यांची वई होती; पण वानराला वई काय करणार? तो वरून येतो. त्याला माणूसच लागतो.

तो माणूस म्हणजे अक्का. चौथी पास झाली होती, वर्गात पहिली. पाचवीची शाळा दोन कोस लांब, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत वाफ्यावर कोणीतरी हवेच. मी धाकटा आणि मुलगा. मी शाळेत गेलो. ती फणसाखाली घमेले आणि काठी घेऊन बसली. टोळी आली की घमेले बडवायची, हाकारे घालायची. सुरुवातीला माझी जुनी पुस्तके सोबत नेत असे. पण वाचनात डोके घातले की वानरे खाली उतरतात, म्हणून आईने ती बंद केली.

गाथासप्तशतीत भाताची शेते राखणाऱ्या स्त्रिया भेटतात. तिथे राखण म्हणजे प्रियकराच्या भेटीची जागा. ते काव्य मला आवडते, पण त्या कवींपैकी कोणी घमेले बडवायला बसला असेल, असे वाटत नाही. त्या टोमॅटोच्या पैशांतून माझी फी भरली गेली, हे मला मॅट्रिकनंतर कळले. मी जाहीरनामा शिकवला, तो त्या फीवर.

मॉन्टिसेलोची बाग १९८०च्या दशकात पुन्हा लावली. तत्पूर्वी १९७९पासून तिथे उत्खनन झाले आणि कुंपणाच्या खांबांचे खड्डे मातीत सापडले. फळ्या कधीच कुजून गेल्या होत्या.

वानरांच्या धाडीनंतर मी बंदरावरून मासेमारीची जुनी जाळी आणली आणि बांबूंच्या सांगाड्यावर वरूनही टाकली. वरून झाकणे हीच खरी गोष्ट, आणि जाळी ताणून बांधावी, म्हणजे पक्षी आणि साप अडकत नाहीत. दुसरे असे, की फळ पुरते लाल होण्याची वाट पाहू नये. बुडाशी लाली दिसली की तोडून घरात पेंढ्यात ठेवावे. चार-सहा दिवसांत पिकते.

फाल्गुनात अक्का चार दिवस राहायला आली होती. जाळी पाहिली, बांबू हलवून पाहिले. “बरं केलंस रे,” म्हणाली. दुपारी मी पडवीत खुर्ची टाकून दिली, तर तिने ती उचलून परसाकडे तोंड करून ठेवली आणि पोरीला आतून घमेले आणायला सांगितले.