हत्यारांची पेटी : तिचे खण व तिचा पूर्वेतिहास

प्रस्तुत स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा कुळे, गोत्रे व दैवते यांविषयी लिहिण्याचा मोह आम्हांस झाला नाही असे नाही. परंतु त्या विषयांवर मागील अंकांतून अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे, आणि आमचा अधिकार तो किती! शिवाय गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याने एक साधा प्रश्न विचारून आम्हांस निरुत्तर केले. तो म्हणाला, "काका, घरी मागच्या पडवीत छोटासा कारखाना थाटला आहे. हत्यारांसाठी खणांची पेटी घ्यायची आहे, पण पैसे बेताचेच आहेत. कोणती घेऊ?" सुताराच्या घरात जन्मूनही ज्याने आयुष्यभर हाती खडू धरला, त्याने यावर काय सांगावे? आम्ही शोध घेऊ लागलो, आणि ज्या वस्तूकडे आपण केवळ अडगळ म्हणून पाहतो तिला केवढा इतिहास आहे हे ध्यानात आले.

पेटीचा विचार करण्यापूर्वी आपल्याकडे ती का नव्हती, हे पाहिले पाहिजे. गावगाड्यात सुताराचे स्थान बलुतेदारांच्या थोरल्या कासेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे जे वर्णन आहे, ते प्रत्येक समाजबांधवाने वाचावे. औते, कुळव, पाभरी, गाड्यांची चाके, घरांची आढी व चौकटी ही सुताराची कामे. त्यांसाठी लागे ते वाकस, करवत, पटाशी, किंकरे, रंधा, सामता, गुण्या, कानस व मोगरी. आपला सुतार जमिनीवर बसे आणि लाकूड पायाच्या अंगठ्यांत व टाचेखाली धरून तासे. कामाचे मेज म्हणून नव्हतेच. जेथे लाकूड तेथे त्याचा कारखाना. आज पाटलाच्या खळ्यावर, उद्या देवळाच्या ओवरीत. अशा माणसास जड पेटी काय कामाची? गोणपाटाच्या थैलीत सारी हत्यारे मावत आणि थैली खांद्यावर पडे. विलायती सुतार मेजापुढे उभा राहून काम करी. जोसेफ मॉक्सन या इंग्रज लेखकाने 1678 च्या सुमारास कारागिरीवर लिहिलेल्या ग्रंथात त्या मेजाचे चित्रासह वर्णन दिले आहे. मेज आले की त्याच्याशेजारी पेटी आलीच. थैली हे दारिद्र्याचे लक्षण होते असे आमच्यातील काही शिकलेले लोक म्हणतात, ते आम्हांस पटत नाही. ते बैठकीचे लक्षण होते.

युरोपातील पेट्यांपैकी एक अत्यंत जुनी पेटी स्वीडनच्या गॉटलंड बेटावर 1936 साली सापडली. मास्टरमीर नावाच्या पूर्वीच्या दलदलीत एक शेतकरी नांगर धरीत असता फाळास काही अडकले. उकरून पाहतो तो ओक लाकडाची पेटी, भोवती लोखंडी साखळी, आणि आत-बाहेर मिळून दोनशेहून अधिक वस्तू! कुऱ्हाडी, करवती, गिरमिटे, कानशी, हातोडे, सांडस. म्हणजे सुतारकाम व लोहारकाम दोन्ही करणाऱ्याचा संसार. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची ही पेटी आहे. तो कारागीर बुडाला, की पळताना त्याने ती टाकली, कोण जाणे. पांचाळांच्या घरातील आम्हांस मात्र लाकूड आणि लोखंड एकाच पेटीत नांदलेले पाहून मौज वाटली. या पेटीस खण नाहीत. सारे एकावर एक घातलेले, म्हणजे थैलीसच लाकडाचे अंग दिलेले.

पुढे 1545 साली बुडालेले इंग्रजांचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचे धूड 1982 साली समुद्राबाहेर काढण्यात आले. त्यात जहाजावरील सुतारांच्या पेट्या हत्यारांसह मिळाल्या. त्यानंतरच्या काळात इंग्रज सुताराची पेटी विशेष रूपास आली. बाहेरून साधी, काळपट रंग फासलेली, धक्के खाण्यास तयार. आणि झाकण उघडताच आत महॉगनीचे सुबक काम, सरकत्या तबकड्या व लहान लहान कप्पे. उमेदवाराने आपली पेटी स्वहस्ते करावी असा प्रघात होता, कारण पेटी पाहूनच मालक त्याची परीक्षा करी. बेंजामिन सीटन नावाच्या चॅटम गावच्या तरुणासाठी त्याच्या वडिलांनी 1796 साली लंडनच्या गॅब्रिएल यांच्या पेढीवरून हत्यारे आणविली. मुलाने 1797 साली त्यांच्यासाठी पेटी केली. ती पेटी आज रोचेस्टरच्या संग्रहालयात आहे, आणि हत्यारे जवळजवळ न वापरलेली आहेत! पेटी इतकी सुरेख झाली की पुढे तीत हात घालवेना, असे झाले की काय?

आता एक गोष्ट आम्ही अभिमानाने व किंचित खेदानेही नमूद करतो. खणांच्या पेट्या करणे आपल्या लोकांस ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. सोळाव्या व सतराव्या शतकांत गोमंतकात पोर्तुगीजांसाठी 'कोंतादोर' म्हणून ओळखली जाणारी कपाटे होत. सागवानाचे अंग, त्यावर आबनूस व हस्तिदंत यांचे जडावकाम, आणि दर्शनी बाजूस ओळीने खणच खण. ती लिस्बन व लंडन येथील संग्रहालयांत आज मानाने मांडलेली आहेत. ती घडविणारे हात हिंदी कारागिरांचे होते. त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. कपाटाला आपण अलमारी म्हणतो व किल्लीला चावी म्हणतो, हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. परंतु खण हा शब्द आपलाच. वाड्यांतील फडताळे, मुनीमाची उतरत्या झाकणाची पेटी, सोनाराची बारीक कप्प्यांची पेटी ही सारी सुतारानेच केली. दुसऱ्याच्या मोहरांस व कागदांस खण करून देणाऱ्या सुताराचा स्वतःचा वाकस मात्र गोणपाटातच राहिला. बैठकीचे कारण वर दिलेच आहे. तरी ते पुरेसे आहे असे आम्हांस पूर्णपणे वाटत नाही.

खण हत्यारांच्या पेटीत खऱ्या अर्थाने शिरले ते यंत्रयुगात. जाँ लोरां पामेर या फ्रेंच गृहस्थाने 1848 साली स्क्रूवर चालणाऱ्या मापकाचे पेटंट घेतले. त्यापासून आजचा मायक्रोमीटर आला. केसाच्या अंशाइतके माप घेणारे उपकरण हातोड्याखाली टाकून कसे चालेल? त्यास निराळा, उथळ, मऊ कापड लावलेला खण हवा. अमेरिकेतील डेटन गावी हॅरी गर्स्टनर यांनी 1906 साली अशा लाकडी पेट्यांचा व्यवसाय सुरू केला. ते स्वतः साचे करणारे सुतार होते. सुताराने आपली गरज ओळखून स्वतःसाठी पेटी केली व तीच विकली, याहून चांगला उद्योग कोणता? पुढे पत्र्याच्या पेट्या निघाल्या. ओहायो प्रांतातच केनेडी नावाच्या कारखान्याची तपकिरी, सुरकुत्या पडल्यासारख्या रंगाची पेटी प्रसिद्धीस आली. 1908 साली फोर्डची मोटार बाजारात आली, गावोगाव दुरुस्तीची दुकाने झाली, 1920 साली स्नॅप-ऑन कंपनीने एका दांड्यास निरनिराळे सॉकेट बसविण्याची हत्यारे विकण्यास आरंभ केला. एका हत्याराच्या जागी वीस लहान तुकडे आले. वीस तुकडे झाकणाच्या पेटीत शोधणे म्हणजे धान्यात खडा शोधणे. म्हणून खण वाढत गेले, पेटीखाली चाके आली, आणि आज दुकानांत दिसणारे लाल-निळे उंच कपाट जन्मास आले.

बॉस्टन येथे पियानोच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री स्टडली (1838 ते 1925) यांची भिंतीवरची पेटी या साऱ्यांची महाराणी म्हणावी लागेल. सुमारे तीनशे हत्यारे, प्रत्येकास नेमकी जागा, आणि शिंपला व हस्तिदंत यांची सजावट. तिची चित्रे पाहून तरुणांनी निराश होऊ नये, एवढेच सांगतो.

आपल्याकडे हा पालट रेल्वेने घडविला. 1879 सालापासूनचा परळचा कारखाना व 1915 साली निघालेला माटुंग्याचा डब्यांचा कारखाना यांत आपल्या समाजातील अनेक घरांतील पुरुष लागले. तेथे मेज होते, शिकंजा होता आणि हत्यारे ठेवण्यास कुलपाचा कप्पा होता. 1950 पासून कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना आली, औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या, आणि थैली मागे पडली.

आमच्या घरीही ती मागे पडली. वडिलांची थैली माजघराच्या कोपऱ्यात होती. खंडेनवमीस तेवढी ती बाहेर येई, पाटावर हत्यारे मांडून हळदकुंकू वाहिले जाई, आणि पुन्हा कोपऱ्यात. वडील गेल्यावर आम्ही बदलीच्या गावी राहिलो. 1991 च्या पावसाळ्यानंतर थैली उघडली, तेव्हा ओल लागून पटाश्या एकमेकींस चिकटल्या होत्या व रंध्याची पाती खाल्ली गेली होती. आम्ही ती भंगारवाल्यास वजनावर दिली. त्याने किती पैसे दिले ते आठवते, पण लिहिण्याची लाज वाटते. एक वाकस तेवढा शेजाऱ्याकडे उसना गेलेला होता, म्हणून वाचला. पुतण्याच्या प्रश्नाकडे आम्ही इतके लक्ष दिले, त्याचे खरे कारण हे आहे.

असो. पुतण्याची पहिली खरेदी फसलीच. एका दुकानातून त्याने स्वस्तात सात खणांचे चकचकीत कपाट आणले. पहिल्याच पावसाळ्यात तिसरा खण अडकला व तळाचा पत्रा पोटासारखा खाली आला. पत्रा मोजून पाहिला तो पाऊण मिलिमीटरचाही नव्हता. येथे एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते: गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. 18 गेजचा पत्रा सुमारे सव्वा मिलिमीटर भरतो, 22 गेजचा पाऊणच्या आसपास. दुकानदार आकडा मोठा सांगून खूष करतो. खणांच्या संख्येसही भुलू नये. वरचे खण दोन-तीन इंच खोल, खालचे पाच-सहा इंच, असे असले म्हणजे पुरे. खोल खणात हत्यारांचे दोन थर झाले की खणाचा उपयोगच संपला. भरलेला खण पूर्ण ओढून पाहावा. गोळ्यांच्या पट्टीवर चालणारा खण शेवटपर्यंत बाहेर येतो. पत्र्यावर पत्रा घासणारा अर्ध्यावर थांबतो व मागचे हत्यार कायमचे मागेच राहते. वरचे दोन-तीन भरलेले खण एकदम उघडले तर हलके कपाट पुढे कोसळते, तेव्हा जड वस्तू तळाशी ठेवाव्या आणि घरात लहान मुले असल्यास कपाट भिंतीस आवळावे.

याहून आमचा खरा सल्ला निराळा होता व तो पुतण्याने मानला. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात नवे जरूर पाहावे. परंतु बेताच्या पैशांत चांगले हवे असेल तर बंद पडलेल्या कचेऱ्यांची जुनी पोलादी खणांची कपाटे भंगाराच्या भावात मिळतात, ती आणावी. त्यांचा पत्रा जाड असतो. गंज घासून रंग द्यावा, पट्ट्या बदलाव्या. आणि सुताराच्या मुलास स्वतः करण्यास काय हरकत आहे? कवच पोलादाचे, खण लाकडाचे, असे त्याने केले. खणांस सागवान वापरले. ओकच्या आम्लाने लोखंड गंजते, सागाच्या अंगच्या तेलाने ते राखले जाते. याच गुणामुळे मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजे बांधली, आणि त्यांपैकी 1817 साली पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात उभे आहे. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते म्हणून खणाच्या उंचीत सुताइतकी जागा त्याने सोडली, सरकत्या कडांस मेणबत्ती चोळली आणि प्रत्येक खणात कापराची वडी ठेवली. करवती खणात घातल्या नाहीत; त्या भिंतीवर खुंट्यांस आहेत. सारा खर्च त्या पहिल्या चकचकीत कपाटाच्या निम्म्याहून कमी आला. वडिलांचा वाकस शेजाऱ्यांनी परत दिला आहे. त्यास नवा दांडा बसवून पुतण्याने तो तळाच्या खणात ठेवला असून कामास वापरतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर अशा थैल्या पडून असतील त्यांनी त्या या पावसाळ्यापूर्वी उघडाव्यात. घासून, तेलाचे बोट फिरवून, माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी समाजमंदिरात आणाव्यात. प्रत्येक हत्याराचे घरातील नाव, ते कोणाचे व कोणत्या गावचे, एवढे आम्ही वहीत लिहून घेऊ. वही आम्ही आणू. पेटी पुतण्याने कबूल केली आहे.