शेतीसाठी अपारंपरिक ऊर्जा : सौर पंप, बायोगॅस आणि इतर पर्यायांचे फायदे-तोटे

सूर्य, वारा, वाहते पाणी, शेण आणि काडीकचरा यांपासून मिळणारी ऊर्जा वापरून संपत नाही, म्हणून तिला अक्षय किंवा अपारंपरिक ऊर्जा म्हणतात. ही व्याख्या शाळेच्या पुस्तकातही सापडते. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. माझ्या विहिरीवर किंवा माझ्या गोठ्यात यातले काय चालेल, खर्च किती येईल आणि अडचण कुठे येईल? या लेखात सर्वांत जास्त जागा सौर पंपाला दिली आहे, कारण सध्या गावोगावी अर्ज त्याचेच भरले जात आहेत आणि चुकीची निवडही तिथेच जास्त होते.

सौर पंप : खरा फायदा दिवसाच्या पाण्याचा

वीजबिल वाचते हा फायदा सगळेच सांगतात. परंतु राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या कृषी पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज योजना लागू आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच जोडणी आहे, त्यांच्यासाठी बिलाचा मुद्दा तूर्त मागे पडला आहे. ज्यांच्याकडे जोडणीच नाही आणि जे डिझेल इंजिनावर पाणी काढतात, त्यांचा खर्च मात्र सौर पंपामुळे थेट वाचतो. ५ एचपीचे इंजिन तासाला साधारण १ लिटर डिझेल पिते. हंगामाचे तास मोजून हिशेब घरीच करून पाहा.

दुसरा फायदा वेळेचा. कृषी फीडरवर पाळीने रात्री वीज येते, तेव्हा दारे धरायला अंधारात जावे लागते. साप-विंचवाचे भय सगळीकडेच आहे. जुन्नर, संगमनेर भागात उसात बिबट्याही असतो. सौर पंप दिवसाच चालतो. माझ्या मते अनुदानापेक्षाही हा फायदा मोठा आहे.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. शेतात पाण्याचा खात्रीचा स्रोत हवा आणि पंपाला पारंपरिक वीजजोडणी नसावी, या मुख्य अटी. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी आणि त्यावर साडेसात एचपी अशी पात्रता ठरते. इथेच सावध व्हायला हवे. पात्रता एकरावर ठरते, पण पाणी मिळते ते खोलीवर.

एकर नव्हे, हेड मोजा

पंपाला पाणी एकूण किती उंच ढकलायचे आहे, त्याला हेड म्हणतात. पंप चालू असताना पाण्याची पातळी जिथे स्थिरावते तिथपासून जमिनीपर्यंतची खोली, तिथून शेताच्या उंच टोकापर्यंतचा चढ, पाइपातील घर्षण आणि ठिबकाला लागणारा दाब या सगळ्यांची बेरीज करायची. ठिबकाला दीड किलो दाब हवा असेल, तर त्याचेच १५ मीटर धरावे लागतात. अनेक जण नेमके हेच विसरतात.

३ एचपीच्या पंपाला साधारण ३,००० वॅटचे पॅनल असतात. लख्ख उन्हाच्या दिवशी, त्या त्या हेडसाठीच बनवलेला पंप बसवला असेल, तर ३० मीटर हेडवर दिवसाला अंदाजे १ लाख लिटर, ५० मीटरवर ६० हजार, ७० मीटरवर ४० हजार आणि १०० मीटरवर जेमतेम २८ हजार लिटर पाणी मिळते. धूळ, विरळ ढग आणि हिवाळ्यातील लहान दिवस धरून नियोजन करताना यातून पाव हिस्सा वजा करा.

आता गरज पाहा. एक एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. उन्हाळ्यात ठिबकावरच्या बागेला दिवसाला ५ मिलिमीटर धरले, तर एकरी २० हजार लिटर लागतात. म्हणजे ३० मीटर हेडवर जो पंप साडेतीन-चार एकर सांभाळतो, तोच आकार १०० मीटर हेडवर एका एकराचीच सोय करतो. शेजाऱ्याच्या उथळ विहिरीवरचा पंप पाहून आपल्या खोल बोअरसाठी तसाच मागितला, की पुढे ‘कंपनीने फसवले’ अशी तक्रार होते. अर्जात आणि पाहणीच्या वेळी बोअरची नुसती खोदलेली खोली सांगू नका. एप्रिल-मे महिन्यातील पाण्याची पातळीही सांगा.

पंप मोठा, विहीर लहान

महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांत आणि मुरमात मावेल तेवढेच पाणी. उन्हाने वीज मिळते, झरा वाढत नाही. आणि चालवायला पैसे लागत नाहीत म्हटल्यावर पंप बंद करण्याचे कारणच उरत नाही. भारनियमनाचा त्रास होता, पण त्याच भारनियमनाने विहिरीला भरून यायला वेळही मिळत होता, हे लक्षात घ्या.

विहिरीची आवक मोजणे सोपे आहे. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी उपसा थांबवून पातळीची खूण करा आणि सकाळी किती वाढ झाली ते टेपने मोजा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १ मीटर चढली, तर रात्रभरात सुमारे २८ हजार लिटर पाणी आले. अशा विहिरीवर दिवसाला लाखभर लिटर उपसणारा पंप बसवला, तर तो साठलेले पाणी लवकर संपवेल आणि त्यानंतर आवक देईल तेवढेच काढेल. पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागता येतो. आवक कमी असेल तर तोच मागा आणि कोरडा चालू नये म्हणून संरक्षण यंत्रणा चालू स्थितीत आहे का, ते बसवतानाच तपासून घ्या.

यावर गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील धुंडी गावाने वेगळी वाट शोधली. तिथे सौर पंप असलेल्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापन केली आणि उरलेली वीज २०१६ पासून वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. विजेला पैसे मिळू लागले की विनाकारण पाणी उपसण्याचा मोह कमी होतो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडील सुटे सौर पंप ग्रीडला जोडलेले नसतात, त्यामुळे तसे करता येत नाही. पाणी देण्याचे दिवस वगळता पॅनल रिकामे बसतात. कडबा कुट्टी, पिठाची गिरणी किंवा वाळवणी यंत्र चालवू शकणारा बहुउपयोगी कंट्रोलर मिळत असेल, तर त्याची चौकशी जरूर करा.

ठिबक असेल तर पाणी देण्याची वेळ बदला

विजेच्या पंपाचा दाब दिवसभर जवळपास सारखा असतो. सौर पंपाचे तसे नाही. सकाळी आठला तो हळू फिरतो, दहा-साडेदहानंतर जोर धरतो आणि दुपारी तीननंतर पुन्हा मंदावतो. सकाळच्या कमी दाबात लॅटरलच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी पडते. याच वेळी व्हेंच्युरीने विद्राव्य खत सोडले, तर पहिल्या झाडांना जास्त आणि शेवटच्या झाडांना कमी खत मिळते. बागेत ओळीच्या टोकाची झाडे पिवळी दिसली, की आपण अन्नद्रव्यांची कमतरता शोधतो. आधी खत कोणत्या वेळी सोडले ते पाहावे.

म्हणून फर्टिगेशन आणि फिल्टरची बॅकवॉश धुलाई ११ ते २ या वेळेत करा. सकाळी आणि संध्याकाळी कमी दाबात एकेकच सेक्शन चालवा किंवा ते पाणी शेततळ्यात, टाकीत साठवा. तुषार सिंचनाला दोन-अडीच किलो दाब लागतो, त्यामुळे लहान सौर पंपावर ते बहुतेक वेळा निराशाच करते.

पावसाळ्यात काय, असा प्रश्न नेहमी येतो. दाट ढगांत पंप नावापुरता चालतो हे खरे, पण तेव्हा पाण्याची गरजही कमी असते. रब्बीत आकाश स्वच्छ असते. भर उन्हाळ्यात मात्र उलटा अनुभव येतो. पॅनल तापले की प्रत्येक अंश सेल्सिअसला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. विदर्भातील मे महिन्यात पॅनल ६० अंशांवर जाते, तेव्हा २५ अंशांच्या चाचणीत मोजलेल्या क्षमतेपेक्षा १० ते १४ टक्के वीज कमी मिळते. पॅनलखाली हवा खेळती ठेवा, त्याच्या सावलीला सरमाड किंवा कडबा रचू नका.

पॅनल पंधरा दिवसांनी, सकाळी काच थंड असताना साध्या पाण्याने पुसावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी काचेवरच वाळू दिले तर पांढरे डाग पडतात. द्राक्ष-डाळिंब बागेत बोर्डो मिश्रण फवारताना वाऱ्याची दिशा पाहा. बांधावरच्या झाडाची किंवा वाढलेल्या उसाची सावली एका पॅनलवर पडली, तरी त्याच्यासोबत जोडलेल्या सगळ्या पॅनलचे उत्पादन घसरते. गारपीट, चोरी आणि बंद पडलेला कंट्रोलर हे तीन त्रास सर्वाधिक ऐकायला मिळतात. योजनेत ५ वर्षांची दुरुस्ती हमी आणि विमा असतो. पण पॅनलचे, मोटरचे आणि कंट्रोलरचे क्रमांक, पावती आणि जोडणीच्या दिवसाचा फोटो तुमच्याकडे नसेल, तर दावा रेंगाळतो. पैसे फक्त अधिकृत पोर्टलवरच भरा. बनावट संकेतस्थळे आणि फोन करून आगाऊ रक्कम मागणारे बरेच आहेत.

जमीन भाड्याने देणे

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळील जमीन प्रकल्पासाठी भाड्याने देता येते. भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. कोरडवाहू, खडकाळ जमिनीसाठी हा व्यवहार चांगला आहे. बागायती काळी जमीन मात्र यात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. करार दीर्घ मुदतीचा असतो. सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांची संमती, वहिवाटीचा रस्ता आणि मुदत संपल्यावर जमीन मोकळी करून देण्याचे कलम वकिलाकडून वाचून घ्या.

बायोगॅस : गॅसपेक्षा स्लरी मोलाची

घरी चार-पाच मोठी जनावरे बांधलेली असतील, तर २ घनमीटरचा गोबरगॅस संयंत्र चालतो. त्याला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते. १ किलो शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो आणि २ घनमीटर गॅसवर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. १ घनमीटर बायोगॅस म्हणजे अंदाजे ०.४५ किलो सिलिंडरचा गॅस.

चुलीसाठी शेणी थापल्या तर त्यातील नत्र जळून जाते. संयंत्रात गॅस काढून घेतल्यावरही नत्र स्लरीत टिकून राहते. तणाचे बी बरेचसे मरते आणि स्लरी शेणखताप्रमाणे महिनोन् महिने कुजत ठेवावी लागत नाही. ती उन्हात उघडी वाळवली, की अमोनियाच्या रूपाने नत्र उडून जाते. म्हणून पाटाच्या पाण्यासोबत द्या किंवा कंपोस्ट खड्ड्यात काडीकचऱ्यावर ओता.

तोटे? रोज शेण कालवायला माणूस लागतो, आणि बहुतेक संयंत्रे बंद पडतात ती याच कारणाने. जनावरे विकली की संयंत्र थांबते. थंडीत गॅस कमी होतो. दुष्काळी भागात रोजच्या ५० लिटर पाण्याचाही विचार करावा लागतो. गळती असेल तर मिथेन हवेत जातो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता धरतो. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते महिन्यातून एकदा पाहा. आणि दुरुस्तीसाठी संयंत्राच्या खड्ड्यात कोणीही एकट्याने, हवा मोकळी न करता उतरू नये. आत प्राणवायू नसतो, माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरणाराही दगावतो.

वारा, उसाचा चोथा आणि पऱ्हाटी

वाऱ्याची ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा झाला तर वीज आठव्या हिश्शावर येते. म्हणूनच साताऱ्यातील वनकुसवडे किंवा धुळ्यातील ब्राह्मणवेल यांसारख्या पठारांवरच पवनचक्क्या दिसतात. एकट्या शेतकऱ्याने विहिरीवर लहान पवनचक्की बसवणे मला सुचवावेसे वाटत नाही. साखर कारखान्यांची चोथ्यावरची वीज गाळप हंगामापुरती असते आणि तिचा निर्णय कारखान्याचा असतो.

कापूस पट्ट्यात मात्र एक गोष्ट तुमच्या हातात आहे. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली तर तिच्यावरील बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. जवळपास कांडी कोळसा करणारा कारखाना असेल, तर वेचणी संपताच पऱ्हाटी उपटून तिथे द्या. भाव वाहतुकीपुरताच मिळाला तरी शेत वेळेत मोकळे होते. कारखाना नसेल तर श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा.