शब्दवेध : नाडी

संस्कृतात 'नड' म्हणजे बोरूसारखे पोकळ गवत. 'नाडी' त्याच कुळातली; मूळ अर्थ नळी. वैद्यकात ती रक्तवाहिनी झाली, योगात प्राणाची वाट. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायातल्या इडा-पिंगला याच नाड्या. वैद्यक आणि भक्ती यांची सांगड कन्नडातही दिसते. बाराव्या शतकातले कन्नड शरण (शिवभक्त) वैद्य संगण्णा पेशानेच वैद्य. त्यांच्या वचनांत (छोट्या गद्यकाव्यांत) रोग-औषधांची परिभाषा भक्तीच्या कामी येते. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे टेकवून वैद्य पाहतो ती हुबळी-धारवाडात मराठीतही 'नाडी' आणि कन्नडातही 'नाडी'च. ज्ञानेश्वरीच्या वाचकांनी संगण्णांची वचनेही जरूर वाचावीत.