फाळके, धुंडिराज गोविंद : लघुपट, माहितीपट व सचेतनपट

फाळके, धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब (३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४). जन्म त्र्यंबकेश्वर येथे. मृत्यू नाशिक येथे. भारतीय कथापटाचे जनक म्हणून ते सर्वज्ञात असल्याने ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आणि नंतरच्या पौराणिक चित्रपटांचा तपशील येथे दिलेला नाही. त्यांचे लघुपट मात्र चरित्रांत एखाद्या परिच्छेदात उरकले जातात, आणि हा अन्याय आहे. फाळक्यांमधला कथापटकार घडला तो निरीक्षक आणि कॅमेऱ्याचा किमयागार यांच्या हाताखाली. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट (१८८५) व बडोद्याचे कलाभवन येथील शिक्षण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्यास रविवर्म्याच्या छापखान्यातील शिळाछपाईचा अनुभव आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने केलेले जादूचे प्रयोग, ही सगळी तयारी नाटकमंडळीतल्या माणसाची दिसत नाही. वस्तू बारकाईने पाहून ती नव्याने मांडणाऱ्या कारागिराची ती तयारी आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा ‘अंकुराची वाढ’ हा आहे. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कथा न निवडता कुंडीत वाटाणा पेरला. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत करीत. महिनाभर रोज एक फ्रेम घेतली, असे बहुतेक चरित्रांत आढळते, आणि पट मिनिटभराचा होता असेही सांगतात. ही दोन विधाने एकत्र टिकत नाहीत. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा फ्रेम पडद्यावरून जात; त्या हिशेबाने तीस फ्रेमचा खेळ दोन सेकंदांत आटोपतो. पट खरोखर मिनिटभराचा असेल, तर दिवसाला तीसेक फ्रेम हव्यात. म्हणजे महिनाभर कॅमेरा जागचा हलू न देता, उजेड सांभाळत दिवसातून अनेक वेळा दांडा फिरवला गेला असला पाहिजे. ‘रोज एक फ्रेम’ ही दंतकथा मूळ कष्टाला उलट कमी लेखते. हाच पट दाखवून फाळक्यांनी ‘हरिश्चंद्रा’साठी कर्ज उभे केले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भांडवल आटले आणि लघुपट वाढले. त्यामुळे ते निव्वळ पोटापाण्यासाठी केलेले काम होते, असा आक्षेप घेतला जातो. अडचण खरी होती, हे मान्य करावे लागते. परंतु वाटाण्याचा पट युद्धाच्या आधीचा आहे, आणि पैशासाठीच करायचे तर आगकाड्या हलवत बसण्याचे कारण नव्हते. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, फ्रेम घ्यायची, पुन्हा काडी सरकवायची, पडद्यावर काड्या आपोआप चालू लागतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये हेच काम नाण्यांकडून करून घेतले. या पटांची साले निरनिराळ्या सूचींत निरनिराळी दिली आहेत. दुसरा आक्षेप उसनवारीचा. एमिल कोल यांनी फ्रान्समध्ये १९०८ सालीच आगकाड्यांचा सचेतनपट केला होता, आणि फाळक्यांना त्यापासून प्रेरणा मिळाल्याचे सांगितले जाते. मिळाली असेल, पण पडद्यावरचा परिणाम पाहून त्यामागची कृती एकट्याने उलगडणे हे अनुकरणापेक्षा फार मोठे काम आहे. वस्तूला हात न लावता हलवण्याचे कौतुक केळफाच्या प्रयोगांतही होतेच. ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांतील चमत्कारदृश्ये याच हाताची आहेत.

माहितीपटांत गोदावरी व नाशिक-त्र्यंबक परिसराची दृश्ये, सिंहस्थ पर्वणी आणि ‘तळेगाव काच कारखाना’ यांची नोंद मिळते. शेवटच्या पटाचे महत्त्व वेगळे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना (स्थापना १९०८) हा स्वदेशी चळवळीतला उद्योग होता, आणि स्वतःचा चित्रपटधंदाही स्वदेशीचाच भाग आहे, अशी फाळक्यांची धारणा होती. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या पटात त्यांनी कॅमेरा आपल्याच कारखान्यावर रोखला. त्याच्या उपलब्ध तुकड्यात नटांना सूचना देणारे, फिल्मची पट्टी हातात धरून तपासणारे फाळके दिसतात. जादूगाराने आपली युक्ती प्रेक्षकांपुढे स्वखुशीने उघडी करावी, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

सिंहस्थाच्या पटाविषयी नावापलीकडे सांगण्यासारखे काही हाती नाही.

सचेतनपटाची परंपरा मात्र फाळक्यांपासून सलग चालली नाही. प्रभात फिल्म कंपनीचा ‘जंबूकाका’ १९३४ चा, तर फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागाचा ‘द बनियन डिअर’ १९५७ चा. नट-दिग्दर्शक गजानन जागीरदार १९६१ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले, तोवर देशात चित्रपटशिक्षणाची सोय फारशी नव्हती, मग फाळक्यांची तंत्रे शिकवणार कोण? पुण्यातच १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या प्रयत्नांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भाग तेथे जमा झाले. आगकाड्यांचा पट त्यांत नाही.