तीरदर्शी पक्षी : पालि वाङ्मयातील समुद्रकाठच्या पाखरांची नावे

प्राचीन भारतीयांच्या समुद्रगमनाचा इतिहास सामान्यतः नाणी, शिलालेख आणि परकीय लेखकांची वर्णने यांच्या आधारे लिहिला जातो. पालि भाषेचा शब्दसंग्रह हेही त्या इतिहासाचे एक साधन होय, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही 'तीरदस्सी सकुण', 'दिसाकाक' आणि 'उदककाक' या तीन शब्दांचा विचार करणार आहोत.

पहिला शब्द दीघनिकायातील केवद्धसुत्तात येतो. चार महाभूते कोठे निःशेष निरुद्ध होतात, हा प्रश्न घेऊन एक भिक्षू एकेका देवलोकात जातो. अखेर तो महाब्रह्म्यापुढे उभा राहतो. ब्रह्मा प्रथम स्वतःच्या थोरवीची घोषणा करतो. नंतर त्या भिक्षूचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि आपल्याला उत्तर ठाऊक नसल्याची कबुली देतो. भिक्षू परत आल्यावर तथागत त्याला समुद्रावरील व्यापाऱ्यांच्या पक्ष्याची उपमा देतात. किनारा दिसेनासा झाला की व्यापारी तीरदर्शी पक्षी सोडतात. तो चारही दिशांना, उपदिशांना आणि वर उडून पाहतो. तीर दिसले तर तिकडे निघून जातो. न दिसले तर जहाजावर परततो. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील धम्मिकसुत्तातही हीच उपमा आहे. उपमा नेहमी श्रोत्यांच्या परिचयाच्या गोष्टीवरून दिली जाते. तेव्हा गंगेच्या खोऱ्यातील श्रोत्यांनाही नाविकांची ही रीत माहीत होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

या रीतीमागे सूक्ष्म निरीक्षण आहे. समुद्रसपाटीपासून चार मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज सुमारे 7 किलोमीटरवर असते. तीनशे मीटर उंच उडालेल्या पक्ष्याचे सुमारे 60 किलोमीटरवर. मात्र पाण्यावर विसावणारा समुद्रपक्षी या कामी निरुपयोगी ठरतो, कारण त्याच्या न परतण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कावळा जमिनीवरचा पक्षी. त्याला जमीन किंवा जहाज यांवाचून आसरा नाही. म्हणूनच त्याचे जाणे वा परतणे हा पुरावा ठरतो.

'दिसाकाक', म्हणजे दिशा दाखविणारा कावळा, हा शब्द जातकट्ठकथेत आढळतो. बावेरुजातकात व्यापारी असा कावळा बावेरु देशी नेतात. बावेरु म्हणजे बॅबिलोन, असे विद्वान मानतात. तेथील लोक तो शंभर कार्षापणांना विकत घेतात आणि पुढे मोर येताच कावळ्याला विसरतात. धम्मद्धजजातकात जहाज फुटल्यावर दिसाकाक एका बेटावर पोचतो, एका पायावर उभा राहून तपस्व्याचे सोंग आणतो आणि विश्वासाने सोपविलेली अंडी-पिल्ले खातो. जातकांचे गद्य गाथांहून उत्तरकालीन आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु या प्रथेला बाहेरचाही आधार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने ताम्रपर्णीच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, नाविकांविषयी नेमके हेच लिहून ठेवले आहे.

'उदककाक' हा निराळा पक्षी. समुद्दजातकात तो सागरावर उडताना मासे व पक्षी यांना समुद्राचे पाणी बेताने प्या, असे बजावतो. वीरकजातकात सविट्ठक नावाचा साधा कावळा त्याचे अनुकरण करून पाण्यात बुडी घेतो आणि शेवाळात अडकून मरतो. आपल्या मराठीतील 'पाणकावळा' हा शब्द याच घडणीचा आहे. पाण्यात बुडी मारणारा काळा पक्षी पाहून दोन्ही भाषांतील लोकांनी त्याला एकाच रीतीने नाव दिले.

या शब्दांना सामाजिक अर्थ आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पतनीय कर्मांत केली. मनुस्मृतीने आठव्या अध्यायात समुद्रव्यापारातील जाणकारांचे मत ग्राह्य धरले. पण तिसऱ्या अध्यायात समुद्रयायी मनुष्याला श्राद्धाच्या पंक्तीस अपात्र ठरविले. व्यापाऱ्याचे ज्ञान हवे, त्याचा सन्मान मात्र नको, अशी ही व्यवस्था होती. याउलट बौद्ध वाङ्मयाने नाविकाचा अनुभव धम्मोपदेशात आणला. सोपारा, म्हणजे पालितील सुप्पारक, हे बंदर याची साक्ष देते. तेथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे अंश मिळाले आणि 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. कान्हेरीच्या लेण्यांत सोपारा आणि कल्याण येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत.

कावळ्याचेच पाहा. पिंडाला शिवणारा कावळा पितरांचे समाधान कळवितो, अशी समजूत पुढे रूढ झाली. पालि वाङ्मयातला दिसाकाक मृतांचा निरोप आणीत नाही. तो जिवंत माणसांना तीर दाखवितो आणि त्याचे सांगणे डोळ्यांनी पडताळून पाहता येते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेताना आपण कावळा गमावला नाही. त्याचे जुने, अधिक प्रामाणिक नाव आपल्याला परत मिळाले.

बाबासाहेबांनी स्वतः पालि शब्दकोशाचे काम केले होते. महाराष्ट्र शासनाने तो कोश 1998 साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला. शब्द जपणे म्हणजे इतिहास जपणे, हे त्यांनी जाणले होते. कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांनी समुद्रकाठच्या पाखरांची बोलीतील नावे टिपून ती पालि शब्दांशी ताडून पाहावीत, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी मोठ्या ग्रंथालयाची गरज नाही; कान आणि वही एवढे पुरे आहे.